डबी गार हुता कामा नये

…आन वर त्या डॉक्टरीनबाई म्हनत्यात, टेन्शन घेऊ नका, हौशीराम! अवो, घेऊ नका काय? टेन्शन काय मी बाजारातनं पिशवी घेऊन आनायला गेलतो? तुमाला सांगतो, लगीन होऊन लय वर्सं झाली, घरात पाळना न्हाई, माझी आई मुक्ताबाई रोज सकाळी माझ्या बायकुला, म्हंजे कोमलला, वाटीभर कडू काढा पाजती, ती बिचारी नाक दाबून पिती, डोळ्यातनं पानी, तोंडातनं शब्द न्हाई… आन दोष कुनात निघाला? माझ्यात! पन हे कुनाला बोलू नका हां.

मी ऱ्हातो पवनानगरला. धरनाच्या कडंला त्ये तंबू लावत्यात ना, कॅम्प म्हनत्यात, तितं मी शेगडी सांभाळतो. पुन्या-मुंबईची पोरं येत्यात, गिटार वाजीवत्यात, "दादा, अजून एक प्लेट, जरा क्रिस्पी", आन मी हुबा निखाऱ्याम्होरं, शेगडी बरूबर कमरंच्या उंचीला! आता मला काय ठावं हिकडं पनीर भाजतंय आन तिकडं माझा वंश भाजतोय?

अनघा मॅडम म्हंजे आमच्या डॉक्टरीनबाई. आता ह्या कामाला बाईमानूसच भेटावं का मला? खाली मान घालून गेलो, पयली तपासनी झाली, त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुन्ना घातला. "हौशीराम, शुक्राणूंची संख्या आहे, पण हालचाल फार कमी आहे. शरीरात अँटिऑक्सिडंट एन्झाइम असतात, ते कमी पडतायत. एक कॅटलेज, एक सुपरऑक्साइड डिसम्यूटेज…" म्या म्हनलं, मॅडम, जरा आमच्या भाषेत! मग त्या म्हनल्या, "असं समजा, शरीरातसुद्धा शेगडी पेटलेली असते. तिची काजळी धरते, ती बीजाला खाते. हे एन्झाइम म्हणजे काजळी पुसणारे. तुमची काजळी जास्त, पुसणारे थोडे." घ्या! म्हंजे भाईर बी शेगडी, आत बी शेगडी, आन साफसफाईला मानूस न्हाई! गोळ्या दिल्या, तंबाखू बंद, शेगडीपास्नं लांब, आवळा खा, टमाटा खा, आन तीन म्हैन्यांनी परत सॅम्पल. पन हे कुनाला बोलू नका हां.

कोमलला सांगितलं. ती म्हनली, "आता आईंना सांगा. मी काढा पिनार न्हाई." म्या म्हनलं, थांब की जरा, पुढचा रिपोर्ट चांगला आला तर सांगायची गरजच काय? तशी उठली, पिशवी भरायला लागली. "रिपोर्ट आना न्हाईतर सांगा. दोन्ही जमत नसंल तर मी चालले वडिवळ्याला, माझ्या आईकडं. तितं कुनी काढा पाजत न्हाई!" आन खोटं कशाला बोलू, लय भ्यालो मी. त्या बाईबिगर मला घरात करमत न्हाई वो.

मग काय, तीन म्हैनं आवळं खाऊन दात आंबलं, आन सॅम्पलचा दिवस उजाडला. लॅब कामशेतला. पयल्या तपासनीला तितल्या खोलीत माझं लय येळ जमंना, भाईरनं लॅबची पोरगी दार वाजीवती, "झालं का दादा?"… कसं हुईल? म्हनून ह्या खेपंला मॅडम म्हनल्या, "घरूनच आणा, पण तासाच्या आत. आणि डबी अंगाशी धरा, गार होता कामा नये." झालं. डबी काखंत, वर बनेन, वर सदरा, वर जाकीट, आन पळालो जीपकडं.

आता आमची जीप तुमाला ठावं न्हाई. मेहबूबभाऊची. शिटा भरल्याबिगर जागची हलत न्हाई, मग आत कुनी मरायला टेकलेला का असंना! म्या म्हनलं, "भाऊ, काढा की गाडी!" मेहबूबभाऊ बिडी शिलगावत म्हनला, "दोन शिटा ऱ्हायल्यात रं, कुटं आग लागलीय?" आता कुटं लागलीय त्ये सांगू का त्याला? मीच वरडाया लागलो, "चला कामशेत, कामशेत!" च्या पीत बसलेल्या येकाला दंडाला धरून ओढला. "मला कुटं जायाचंय?" म्हनला. "अरं, वडापाव खायला घालतो, बस!" बसला बिचारा.

आन दुसरी शीट कुनी भरली? शालनमावशीनं! मासं इकती ती. धरनातलं कटलं, मरळ, बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यातनं नेती. बसली माझ्याच शेजारी. गाडी सुटती न सुटती तोच, "काखंत काय रं दाबलंय, हौशा?" म्या म्हनलं, गळू झालंय मावशी. "बघू!" म्हनली. बघू काय! माझी जीभ अशी आडवी पडली, आन समोर तिचं मासं बघून तोंडातनं काय निघावं? "गाभोळी हाय मावशी. माशाची अंडी. पावन्याला चाललोय घेऊन."

"आरं येड्या!" मावशी वरडली. "धरनाच्या कडंला जलम गेला तुजा आन गाभोळी काखंत नेतोस? नासंल की! आन हिकडं!" आन मी व्हय-न्हाई म्हनायच्या आत जाकीट, सदरा, बनेन, समद्यातनं हात घालून डबी काढली आन खुपसली बर्फात, पार तळाला! वरनं दोन मरळ ठिवलं! म्हनली, "आता बघ, कशी ताजी ऱ्हाती."

तुमीच सांगा, मानसानं करायचं काय? सगळी गाडी बघतीया. बोलावं तर अब्रू जाती, न बोलावं तर बायकू जाती! येक वळान गेलं, दुसरं वळान गेलं, आन मग माझ्यातनं भोंगाच निघाला, "मावशी, गाभोळी न्हाई त्यी! माझं सॅम्पल हाय! पोरं हुत्यात का न्हाई त्ये बघायचं सॅम्पल!"

मावशीनं डबी भाईर काढली, पदरानं पुसली, दोन्ही तळव्यात धरली आन तिच्यावर तोंडाची वाफ घालाया लागली, "हा… हा…" करून. डोळ्यात पानी तिच्या. आन मेहबूबभाऊनं जे दाबलं, मधी येक थांबा घेतला न्हाई! ज्यांना वाटंत उतरायचं व्हतं ती बी मानसं कामशेतला आली, तक्रार न्हाई कुनाची. वडापावाच्या बोलीवर बसलेला त्यो तर म्हनला, "राहू दे वडापाव, आधी त्ये दे."

लॅबच्या पोरीनं बघितलं आन म्हनली, "दादा, हे बर्फात ठेवलं होतं का? एकपण हलत नाहीये. परत द्यावं लागेल."

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. आई उंबऱ्यात. आत गेली, काढ्याची वाटी घिऊन आली, कोमलच्या म्होरनं न्हेली, आन ठिवली माझ्याम्होरं. "पी!" आन कोमल अशी हसली वो, अशी हसली, भिताडाला टेकून खाली बसली. लय वर्सांनी हसली. बरं वाटलं मला, खरंच सांगतो. काढा मातर गटाराचं पानी हाय.

आता परत सॅम्पल हाय, उद्या सकाळी. कुनाला बोलू नका म्हनायची सोय ऱ्हायली न्हाई. मेहबूबभाऊनं रिकामी जीप दाराशी लावायचं कबूल केलंय, शालनमावशी गरम पान्याची पिशवी घिऊन येनार, आई देव पान्यात घालून बसनार, शेजारपाजार अंगनात थांबनार. समद्या गावानं आपापलं काम वाटून घेतलंय. माझ्याकडं येकच काम ठिवलंय… आन समदं गाव दाराभाईर कान लावून हुबं असल्यावर, तुमीच सांगा, त्ये हुईल का वो माझ्याच्यानं?