लेकीचा खेळ, मगरीचा खेळ

माणकचंद : ...बाप भिंतीवर डोकं आपटतोय, धाडधाड, अख्ख्या तंबूला दिसतंय. आणि तू पडद्याशेजारी उभा राहून काय सांगतोस? 'बाप खुश झाला!' खुशीनं कोणी डोकं फोडून घेतं का रे हारुन?

हारुन : लोकेसनी टाळ्या वाजाड्यात ना पन, शेठ.

माणकचंद : टाळ्या! तीन रात्री झाल्या, ती पोर मरत नाहीये! मुक्या चित्रात तिच्या तोंडावर पांढरं कापड ओढलंय. खाली अक्षरं येतात, ही एवढी मोठी, 'दिवा विझला.' तू काय वाचतोस?

हारुन : 'ताप उतरना. पोर झोपनी.'

माणकचंद : आणि तिरडी निघते ती?

हारुन : शेजारनी म्हतारीनी.

माणकचंद : कोणती म्हातारी? अख्ख्या खेळात एक म्हातारी नाही!

हारुन : म्हनीसन तर दिसनी नही. आजारी व्हती बिचारी, घरमाच पडेल व्हती.

माणकचंद : दात काढू नकोस. गाशा गुंडाळ. चारला सुरतेची गाडी आहे, खांडबाऱ्याचं स्टेशन इथून हाकेवर. आजचा खेळ दोधू सांगेल.

हारुन : दोधू? दोधू हँडल फिरावस मशीननं. त्याले सोतानं नाव वाचता येत नही.

माणकचंद : मग मी सांगेन. अक्षर मलाही येतं. तुझ्यासारखी लबाडी येत नाही एवढंच. आणि पुढच्या महिन्यात बोलणारं मशीन येतंय, ऐकलंस? बोलपट. पोर आपल्या तोंडानं बोलेल आणि आपल्या तोंडानं मरेल. मधे तुझी जीभ नको नि तुझी शेजारची म्हातारी नको.

हारुन : आनि मोलगीना बाजारले ते मशीन कोनी डोकावर लई जाई? तुम्ही? तठला लोकेसले हिंदी समजस का? मी आर्धं अहिराणीमा, आर्धं त्यासना बोलीमा सांगस, तवय ते बसतस. अकरा वरीस मन्हा गळा तुम्हना खेळमा गया, शेठ. रातले मन्ही घरवाली साबिरा माले हळदनं दूध पाजस, मंग सकाळले आवाज निघस. आते म्हनतस गाडी धर.

माणकचंद : अकरा वर्षं पगार घेतलास ना? मग ज्याचं खावं त्याचं काम नीट करावं. माझा सगळ्यात चांगला खेळ आहे हा. लेकीचा खेळ. लोक घरून फडकी घेऊन येतात रडायला. तू त्याचा तमाशातला वग करून टाकलास. तुला काय आवडतं ते ठाऊक आहे मला. ती मगर!

हारुन : आवडस. मन्ही आवड शे. मंग?

माणकचंद : गोणपाटाची मगर! पोटाखालून दोन माणसांचे पाय दिसतात, एकाच्या पायात तर वहाण आहे. ती बघून तू स्वतः लहान पोरासारखा ओरडतोस. शरम नाही वाटत?

हारुन : नही वाटत. मगर यी, लोके घाबरतस, मंग वहान दिसस, मंग हसतस. घर जातस, भाकर खातस, झोपतस. तुम्हना लेकीना खेळ देखीसन बाया चूल पेटाडत नहीत. नवापूरले एक मानूस तंबूना भायेर बशीसन उलटी करे, इतला रडना. हाई काय आवड शे? पोरगी मरस ते देखाले मानसं बलावनं?

माणकचंद : खरं असतं ते. मगर खरी असते का?

हारुन : मोलगीना आमशाले इचारा खरी शे का. डोंगरवरथीन नारळ लईसन उना तो. मगर म्हंजे देव त्यासना. पहिला दिवस तुम्हना हीरोनी भाला खुपसा, आनि सगळा डोंगरना लोके उभा ऱ्हायनात. आठवस? तुम्ही मन्हा मागे लपनात. तवय मी काय सांगं?

माणकचंद : ते वेगळं.

हारुन : मी सांगं, 'देव मरत नही, बाप्पाहो. पान्यामा गया. पुढला साल यी.' आमशानी पडदासमोर नारळ फोडा. तुम्ही मन्हा पाठवर थाप दिधी, 'शाबास हारुन' म्हने. मगर जगाडी ते शाबास, आनि पोर जगाडी ते पाप? तुम्ही तर मुंगीले भी पाय लागू देतस नही, शेठ. मंग त्या पोरले मारानी इतली कसानी घाई?

माणकचंद : माझ्या धर्मावर जाऊ नकोस! मगर त्यांचा देव होता, त्यांचा देव मेला असता तर तंबू पेटवला असता त्यांनी. ही पोर कोणाचा देव होती?

हारुन : कोनी तरी तर व्हती.

माणकचंद : काय म्हणालास?

हारुन : काही नही. गाशा बांधस.

माणकचंद : नाही, बोल. लोकांना रडायचं असतं म्हणून लोक येतात. तू कोण त्यांचं रडणं काढून घेणारा?

हारुन : लोकेसले रडनं ऱ्हास, का तुम्हले?

माणकचंद : तोंड सांभाळ.

हारुन : आते काय सांभाळू? नोकरी तर गयी. शेठ, तुम्ही सगळा लोके पडदाकडे देखतस. मी देखत नही. पडदा मन्हा पाठमागे ऱ्हास, मन्हं तोंड लोकेसकडे. पडदाना उजेड सगळासना तोंडवर पडस. नवापूरले आठ रात मी देखं. मधला खांबजोडे तुम्ही बसतस. मी 'ताप चढना' म्हनं का तुम्ही उपरनं तोंडमा कोंबतस. खांदा हालतस. आवाज नही. आठ रात, शेठ. रोज मन्हा तोंडमातून तुम्हनी सूरज मरे.

माणकचंद : नाव घेऊ नकोस तिचं! चार वर्षं माझ्या घरात कोणी ते नाव घेतलं नाही, आणि तू, तंबूतला नोकर...

हारुन : मी तिले खांदावर लईसन फिरेल शे. सात वरीसनी व्हती. मगर मीच दाखाडी तिले, पडदामागे नेईसन. ती म्हने, 'हारुनचाचा, मगरनी वहान घाली.' पहिले तिनीच देखी ती वहान.

माणकचंद : पुरे.

हारुन : पुरे तर पुरे.

माणकचंद : म्हणजे माझी कीव आली तुला. होय ना? मालक रडतो, बिचारा, चला आपण पोर जिवंत ठेवू. तुझी कीव नकोय मला! तीन रात्री मी उपरणं हातात धरून बसतोय. आता येईल, आता येईल... आणि तू म्हणतोस ताप उतरला. गळ्याशी आलेलं तिथंच अडकून बसलंय. घास उतरत नाही. चोर आहेस तू. माझ्याकडे एवढी एकच जागा होती, ती तू चोरलीस.

हारुन : तुम्हनी कीव? माले तुम्हनी कीव कधी उनी नही आनि येवाव भी नही. आठ रात मी जसं लिखेल शे तसंच सांगं. तुम्हनाकरता मी एक अक्षर बदललं नही.

माणकचंद : मग कोणाकरता?

हारुन : ते मी सांगाव नही. शब्द दिधा शे.

माणकचंद : कोणाला?

हारुन : चारनी गाडी शे ना? जाऊ द्या माले.

(कनात सारून माणकचंदची बायको अनोखीबाई आत येते. हातात पितळी डबा.)

अनोखीबाई : मला. मला शब्द दिलाय त्यानं.

माणकचंद : तू इथं काय करतेस?

अनोखीबाई : दिवस मावळायच्या आत दोन घास खाल म्हणून डबा आणला. तीन दिवस तसाच परत जातोय. हारुनभाईचा दोष नाही. मी नंदुरबारहून नवापूरला आले त्या आठव्या रात्री बायकांच्या बाजूला बसले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं कसला खेळ आहे. पोरीला ताप चढला तशी मी उठून पळाले. सकाळी विहिरीवर याला गाठलं. म्हटलं, भाऊ, मी इथं आहे तोवर तिला मारू नकोस. त्यानं नाही मारलं. एवढंच झालं.

माणकचंद : आणि मला विचारायचं नाही? तंबू माझा, खेळ माझा...

अनोखीबाई : तुम्हाला काय विचारायचं? दगडाला कोणी विचारतं का?

हारुन : भाभी, मी जास. तुम्हनं तुम्ही...

अनोखीबाई : थांब. आत्ता काय म्हणालास तू? मी बाहेर उभी होते. कोण रडतं?

हारुन : चुकी गयं, भाभी. तोंडमातून निघी गयं.

अनोखीबाई : खांदे हलतात म्हणालास.

माणकचंद : अनोखी, डबा ठेव आणि जा.

अनोखीबाई : सूरज गेली तेव्हा यांच्या डोळ्यात टिपूस नव्हतं, हारुनभाई. एक टिपूस नाही! तिसऱ्या दिवशी शोकाचा उठावणा झाला आणि त्याच संध्याकाळी हे तंबू घेऊन शहाद्याला निघाले. माझी आई म्हणाली, दगडाच्या पदरात घातली आम्ही पोरगी. चार वर्षं मी त्या दगडाला ताट वाढतेय. आणि तू म्हणतोस, रोज?

हारुन : रोज. आठ रात.

अनोखीबाई : सहाशे माणसांत बसून रडता! आणि घरात मी एकटी होते. एकटी! रात्र रात्र उशी चावत होते मी, तुम्हाला जाग येऊ नये म्हणून!

माणकचंद : मी जागाच असायचो.

अनोखीबाई : जागे होतात? मग हात नाही आला पुढे?

माणकचंद : कसा येईल? ओसरीवर तुझे भाऊ बसलेले. जो येईल तो सांगायचा, माणकचंद, तू मोडलास तर बाईला कोण सावरेल? बसलो मूठ आवळून. मग मूठ सुटेचना. रडायचं त्या वेळी रडलं नाही ना, की मागाहून येत नाही, अनोखी. बोलावलं तरी येत नाही. मग हा खेळ हाती लागला. नवापूरला पहिल्या रात्री बसलो आणि आलं. अंधार असतो. सगळेच रडतात. त्यात एक माणूस कोण ओळखतो?

हारुन : मी.

माणकचंद : तू गप्प रहा!

अनोखीबाई : तुम्ही तिला मरताना बघायला जाता. रोज. मला समजत नाही हे कसलं माणूसपण. मी बघितलंय एकदा. या मांडीवर. मला पुन्हा बघायचं नाही, चित्रात नाही, कशात नाही. मला मगर बरी.

माणकचंद : हो, दिसलं ते. काल आधी मगरीचा खेळ लावला तेव्हा तू हसलीस. कनातीपलीकडून ऐकलं मी. चार वर्षांनी तुझं हसणं ऐकलं आणि असा राग आला! हिला हसू येतं, हिची पोर गेलीय आणि हिला मगरीची वहाण बघून हसू येतं.

अनोखीबाई : मी तिच्यासाठी हसले. ती हसली असती म्हणून.

माणकचंद : मला काय ठाऊक?

अनोखीबाई : तुम्हाला काहीच ठाऊक नाही! आणि मलाही नव्हतं. हाच तर मेला राग आहे. तुमच्यावर येतो तेवढाच माझ्यावर येतो.

माणकचंद : ते काही असो. हा आज जातोय. खेळ मी सांगणार, आणि जसा आहे तसा सांगणार.

अनोखीबाई : सांगणार? मग सांगा.

माणकचंद : रात्री सांगेन.

अनोखीबाई : आत्ता. मोठं काही नाही, दोन शब्द आहेत. ती पोर कापडाखाली आहे आणि खाली अक्षरं आलीत. वाचा. माझ्याकडे बघून वाचा.

माणकचंद : हा काय पोरखेळ लावलास?

अनोखीबाई : वाचा ना. रात्री सहाशे माणसांपुढे वाचणार आहात. मी तर एकटी आहे.

माणकचंद : दिवा...

अनोखीबाई : पुढे.

माणकचंद : दिवा...

हारुन : ऱ्हाऊ द्या, भाभी.

अनोखीबाई : तू मधे पडू नकोस. पुढे काय लिहिलंय, शेठ?

माणकचंद : नाही येत मला. नाही म्हणता येत. झालं समाधान?

अनोखीबाई : माझं कसलं समाधान? हारुनभाई, ते बोचकं सोड. गाडी जाऊ दे.

हारुन : शेठ बोलतीन तर सोडसू. त्यासनी काढेल शे माले.

माणकचंद : सोड.

हारुन : आनि ते बोलनारं मशीन?

माणकचंद : मशीन आलं तर आलं. नवापूर-नंदुरबारला चालेल ते. मोलगीला तूच जाशील. आता सोड म्हटलं ना, की हात जोडू तुझ्यापुढे?

हारुन : सोडं. मंग आज काय सांगू? ताप उतरना, का...?

माणकचंद : हिला विचार. आता हीच मालकीण झालीय तंबूची.

अनोखीबाई : जसं लिहिलंय तसं वाच.

हारुन : भाभी, मन्हा शब्द?

अनोखीबाई : मोकळा केला तुला. मी बसेन आज. बायकांच्या बाजूला, पुढे. पळणार नाही.

हारुन : मंग ती शेजारनी म्हतारी?

अनोखीबाई : तिला जगू दे बिचारीला. तिचं काय जातंय? आणि मगर?

हारुन : उद्या रातले लावू.

माणकचंद : लाव. वहाणेसकट लाव.

अनोखीबाई : घ्या, डबा घ्या. भाकरी गार झाली. आणि ते उपरणं द्या इकडे.

माणकचंद : कशाला?

अनोखीबाई : द्या म्हणते ना. आज तोंडात काही कोंबायचं नाही. मधे कनात आहे. मला पलीकडे ऐकू आलं पाहिजे.