सुईतलं विष

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढेच नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, अप्पा नर्सला अंगाला हात लावू देत नाहीत गं. ही बाई सुईतून विष घालते म्हणतात.”

“सकाळपासून तेच ऐकतेय, ताई.”

“तुझ्या मालिकेतली नर्स बसलीय त्यांच्या डोक्यात!”

“सांगितलं मी त्यांना, ते मीच लिहिलंय, सगळं मनचं आहे.”

“मग?”

“म्हणाले, सूनबाई, मनचं असतं तर इतकं खरं वाटलं असतं का?”

“वा! मिरव आता हे कौतुक.”

“ताई, नका ना असं बोलू.”

“माझा बाप आहे तो, वहिनी.”

“शेवटी ती नर्स निर्दोष ठरते हो. तिनं काहीच केलेलं नसतं.”

“मग हे सांग की त्यांना!”

“तेही सांगितलं. म्हणाले, डोळ्यांनी बघेन, मगच हात पुढे करेन.”

“कधी दाखवणार ते?”

“शेवटच्या भागात. पुढच्या महिन्यात.”

“डॉक्टरांनी इंजेक्शनला संध्याकाळपर्यंतचीच वेळ दिलीय.”

खिडकीतून इंजेक्शनची गारढोण डबी बाहेर आली. दोघींपैकी कुणीच हात पुढे केला नाही.