यमाचा पाट

भाऊबीजेच्या सकाळी पलूसच्या स्टँडवर तासभर आष्ट्याची गाडी आली नाही, तसा अर्जुना बहिणीकडं जायचा बेत सोडून घरी परतायला उठला. तेवढ्यात बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

“सुलाबाई, एवढी गडबड?”

“सैपाक करायचा हाय.”

“भाऊ येणार व्हय?”

“त्यो मिल्ट्रीत हुता, तितंच वारला गं. भाऊबीजेलाच.”

“आज तर यम बहिणीकडं जेवायला असतोय. कुणाला न्येत न्हाई म्हनत्यात.”

“म्हणून तर फोन आला तवा खोटा म्हनले. ताट घिऊन दारातच हुबी ऱ्हायले.”

“मग आता चंद्राला ओवाळतीस?”

“ओवाळते की. पर पाट यमाला मांडते.”

“यमाला?”

“व्हय. म्हनते, बस बाबा, सावकाश जेव. तेवढा येळ कुणाचा तरी भाऊ वाचंल.”

अर्जुना पुन्हा बाकावर टेकला.