नळी खुंटीला होती

(बोईसरच्या सरावलीतला एका संस्थेचा दवाखाना. साल १९९३, सोमवारची दुपार. टेबलावर नळीत फुंकून छाती तपासायचा परदेशी कॉम्प्युटर. तो चालवणारी शैला आणि दवाखान्याचे कारकून कृष्णकांत.)

शैला : नाही हो काका, कुणीच फुंकलं नव्हतं. नळी ह्या खुंटीला लटकत होती. तरी कागद बाहेर आला.

कृष्णकांत : कुणाच्या नावाचा?

शैला : माझ्या सुलूच्या. परवापासून खोकतेय, म्हणून आज कडेवर घेऊनच आले. म्हटलं, अख्ख्या गावाला तपासतो, आपल्या पोरीलाही बघू. नाव घातलं, पण दीड वर्षाची पोर नळी तोंडात धरते होय? रडून नुसता आकांत. मी नळी टांगली आणि पान बंद व्हावं म्हणून एन्टर दाबलं. तर प्रिंटर सुरू! खाली छापलेलं, नॉर्मल.

कृष्णकांत : मग झालं तर. पोरगी ठणठणीत.

शैला : चेष्टा नको. हा सुलूचा कागद. हा विशीतल्या देवूचा. हा आपल्या साठीच्या शांतारामचा, बिड्या ओढणाऱ्या. एकावर एक ठेवा आणि खिडकीच्या काचेला धरा.

कृष्णकांत : थांबा, चष्मा... अहो, श्वासाची रेघ तर एकच दिसतेय.

शैला : एकच आहे. चार महिने एकच.

कृष्णकांत : म्हणजे बिघडलाय डबा.

शैला : बिघडला नाही, पहिल्या दिवसापासून हेच करतोय. तो फ्रान्सचा इंजिनिअर एका सकाळपुरता आला होता ना? पडद्यावर सगळं फ्रेंच, त्याला इंग्रजी येईना. मी त्याची बोटं बघून वहीत उतरवलं. वरून तिसरी ओळ, एन्टर. मग दुसरी, एन्टर. मग नाव. तो आपल्याला नुसता नमुना दाखवत असणार काका. आत आधीच भरून ठेवलेला कुणातरी धडधाकट माणसाचा श्वास. आणि मी रोज तेवढंच गिरवत बसले.

कृष्णकांत : अहो, पण तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. पालघरला जाऊन कॉम्प्युटर शिकलात. म्हणून तर संस्थेनं तुम्हाला बसवलं इथं.

शैला : त्या अख्ख्या पानावर मला कळणारा शब्द एक. नॉर्मल. तो दिसला की हायसं वाटायचं. वरचं कधी बघितलंच नाही.

कृष्णकांत : मग आता खरी ओळ शोधून काढा.

शैला : सकाळपासून दुसरं काय करतेय? चौथी दाबली तर काहीतरी विचारतो. हो म्हणू की नाही, कळत नाही. पाचवी दाबली तर पडदा काळा. पुस्तक फ्रेंच. मागे मदतीसाठी कंपनीला इंग्रजीत पत्र धाडलं होतं, त्याचं उत्तरही फ्रेंचच.

कृष्णकांत : हे बघा, गुरुवारी डॉक्टर यायचेत. तोवर तोंडातून ब्र काढू नका. प्रत्येक कागदावर त्यांची सही आहे.

शैला : सत्याऐंशी कागद! तो जिव्या आठवतो? रंगाच्या कारखान्यातला, थुंकी हिरवी पडायची. त्याला बाहेर पिंपं धुवायला ठेवलं होतं. कारखान्यानं माझा कागद बघितला आणि पुन्हा भुकटी उडते त्या पावडर खात्यात घातला.

भागी : बाई, येऊ कं?

कृष्णकांत : घ्या, त्याचीच बायको. भागी, आज तपासणी बंद आहे गं. गुरुवारी ये.

भागी : तपासनी नको, दादा. निसता कागद पायजे. सुपरवायझर बोलला, जुना झाला, नवा आन. त्याला सुट्टी नाय मिलत, मंग मी आले.

शैला : तो आल्याशिवाय कसा देणार कागद?

भागी : त्याचा कागद चांगलाच येते ना, बाई? मागं दोनदा चांगला आला. तसाच द्या काढून.

कृष्णकांत : शैलाबाई, दाबा ते एन्टर आणि द्या. उगाच...

शैला : काका, तुम्ही गप्प बसा. भागी, खाली बस. कसा आहे तो?

भागी : खोकते. जिना चढला का बसते. रातचा उठून भिताडाला टेकते. पन तुमचा कागद बरा बोलते, तं आमी काय बोलावं? सुपरवायझर हसते त्याला. बोलते, नाटक्या हाय तू.

शैला : आणि तू?

भागी : मी बी बोलले एक-दोनदा. नाय कशाला सांगू.

शैला : भागी, तो कागद खोटा होता.

भागी : खोटा? कुनी केला?

शैला : मी. मुद्दाम नाही गं. मला हे मशीन चालवताच आलं नाही. त्यानं जीव खाऊन फुंकलं, पण मशीननं ते घेतलंच नाही. कागदावरचा श्वास दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

भागी : मंग तो खोकते, ते खरं?

शैला : ते खरं.

भागी : आन् आता खराखुरा कागद?

शैला : माझ्याकडे नाही. कधी मिळेल तेही ठाऊक नाही.

कृष्णकांत : अगं, आधी घरी जा तू. त्याला म्हणावं, दोन दिवस पडून राहा. कामावर जाऊ नको.

भागी : घरी कुटं हाय तो? सकालचा उठतच नव्हता. मी आंगावरची गोधडी वढली न् बोलले, कागद बोलते तू बरा हायस. गेला मंग.