प्रशियाची आवणी आधी झाली

माझं माहेर पवन मावळात, सासर परंदवडी, आणि दोन्ही घरांत कॉलेज कुणी बाहेरूनसुद्धा नीट बघितलेलं न्हाई. मी दहावी झाले तेवढ्यावर वडलांनी गावभर पेढे वाटले आणि पुढच्याच वर्षी लग्न लावून दिलं. आता लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला लागून बारा वर्षं झाली. शेंगदाणा असो, काजू असो, हातात घेतलं की वजन कळतं मला, काटा आपला नुसता खात्रीला. तितंच जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडायची, पानांना गुळाचे डाग, आणि माझी लेक वैशाली म्हणायची, आई, तुझ्या इतिहासाला मुंग्या लागतील. बारावी बाहेरून केली, मग बी.ए.चा फॉर्म तिनंच भरला, तिचे उपकार मी मानते, लेक असली म्हणून काय झालं.

सगळे विषय निघाले, काय सांगू तुमाला, एकटा युरोप अडला. त्या फ्रान्सच्या बादशानं दोनदा नापास केलं मला. तुमाला ठाऊकच आहे कोण तो, मी नाव घेत न्हाई, नवऱ्याचंबी घेत न्हाई आणि त्याचंबी घेत न्हाई. प्रश्न दर वेळी तोच, बादशाविरुद्ध युरोपातल्या राजांनी आघाड्या केल्या त्या का मोडल्या आणि शेवटची का टिकली. पुस्तकात कारणं दिलेली, मी पाठ करायची, आणि पेपरात बसलं की ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया, इंग्लंड सगळे एकात एक कालवायचे. माझी मुदत संपत आलेली. ह्या वेळी गेलं असतं तर पहिल्या वर्षापासून सगळं परत, आणि परत करायला माझ्यात दम नव्हता, खरं सांगते.

पेपर आठ दिवसांवर आणि घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी आली. आमच्यात आवणी सावडीनं होते, म्हणजे चार घरं मिळून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची न्हाई, आपण आलो तसं त्यानं यायचं. मी दुकानातून सुट्टी घेतली. पहिल्या दिवशी माझ्या जावेचं, मंगलचं खाचर लावलं, सगळ्यांनी कंबर मोडून लावलं. दुसऱ्या दिवशी आमचं, तर मंगल गायब. गुरुवार होता, शिरगावला साईबाबाच्या देवळापुढं तिचं फुलांचं दुकान असतं, गुरुवारी तितं गर्दी, ती तिकडं गेलती. सासूबाई रोपांची जुडी हातात घेऊन म्हणाल्या, तिची आवणी झाली, आता ती कुणाची?

आणि मी गुडघाभर चिखलात उभी राहून हसायलाच लागले. सासूबाईंना वाटलं पोरीला ऊन लागलं, तर ऊन कुटं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, ही मंगल न्हाई, ही प्रशिया आहे.

मग लावता लावता मी सगळ्या बायकांना सांगितलं. त्या राजांचीबी सावडच होती. प्रशियाला तिकडं पोलंडची जमीन मिळत होती, बादशा गादीवर यायच्या आधीच त्यानं फ्रान्सशी परस्पर तह केला आणि सावडीतून निघून गेला. पुढं बादशा त्याच प्रशियावर आला, तवा ऑस्ट्रिया बांधावर बसून बघत राहिला. रशियानंबी हरल्यावर बादशाशी हातमिळवणी केली. एकेकाला गाठून बादशा जिंकत गेला. सासूबाईंनी विचारलं, मग त्याला हरवला कसा? म्हटलं, शेवटी सगळ्यांनी लिहून दिलं, कुणी एकट्यानं तह करायचा न्हाई, सगळ्यांचं होईस्तोवर कुणी खाचर सोडायचं न्हाई. त्या वाकल्या होत्या त्या उभ्या राहिल्या.

एवढं कळायला त्यांना किती वर्सं लागली?

म्हटलं, वीसेक.

आन् राजं म्हनं, असं म्हणून त्या परत वाकल्या.

मंगल तिसऱ्या दिवशी आली, तर बांधावरूनच बायका म्हणाल्या, या प्रशियाबाई, तह झाला का? तिला काही कळंना, पण चूक कळली, बिचारीनं त्या दिवशी दोघींचं काम केलं. तिच्यावर राग न्हाई माझा, सगळ्यात जास्त हसली तीच.

पेपरात तोच प्रश्न आला. मी देशांची नावं नीट लिहिली, तह लिहिले, आणि मधी लिहिलं की आमच्याकडं मावळात ह्याला सावड म्हणतात आणि ती अशी मोडते. लिहिलं आणि घाबरले, तपासणारे काय म्हणतील. पण खोडलं न्हाई.

पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले. दुकानात निकाल बघितला, मालकांनी गिऱ्हाईक थांबवून सगळ्यांना चिक्की दिली, आणि आमी रोज चिक्कीतच बसणाऱ्या बायका, तरी त्या दिवशी ती गोड लागली. घरी सासूबाईंनी मार्कांचा कागद मागितला. वाचता येत न्हाई त्यांना, युरोप कुटं लिवलाय ते दाखव म्हणाल्या, आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ह्यातलं माजं किती?

म्हटलं, निम्मे तुमचे.

त्या म्हणाल्या, मग माज्यातलं थोडं मंगलला दे, ती आली असती तर तू पुन्यांदा नापासच झाली असतीस.

आता मी पदवीधर आहे, पॅकिंगला जाते, एम.ए.चा फॉर्म वैशाली भरतीय. तुमी एवढं बसून लिहून घेतलंत, तुमच्या घरी सगळे शिकोत, सुखी राहोत.