दुभाषी सूनबाई

“सून एम.ए. इंग्लिश हाये म्हन्ते, पण मले काई खरं वाटत नाई,” सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मी दाराआडच होते.

कापसाचे भाव पडलेले ते दिवस. अमेरिका-युरोपातल्या पुढाऱ्यांमध्ये संवाद घडवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचे पाहुणे घाटंजीजवळच्या आमच्या गावात आले. दुभाषी मी. पण अमेरिकन साहेब आणि जर्मन बाई यांची कापसाच्या अनुदानावरून आपसातच जुंपली. माझं इंग्रजी कवितांपुरतं. एकाचं कळेपर्यंत दुसरीचं सुरू.

“काय म्हणून राह्यले?” सासऱ्यांनी विचारलं.

“कापसाचंच,” मी पदर सावरत म्हणाले.

“अर्धा घंटा बोलले, अन् एवढंच?” सासूबाईंनी शेजारणीकडे पाहिलं.

तेव्हा मी पाहुण्यांना इंग्रजीत, चांगलं मोठ्यानं म्हणाले, “एकेक जण बोला हो, आणि सावकाश! इथं माझी डिग्री खोटी ठरतेय!”