पत्र्याखालचा खोकला

दोल्मा: जंत नाहीत ते, किती वेळा सांगू! आतड्याचा क्षय आहे, चौतारा गावच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. तुम्ही तीनदा जंताचं औषध पाजलंत, बोम्बो मांत्रिक आणून रात्रभर ढोल बडवलात. माझ्या ल्हामूचं पोट फुगतच गेलं.

सुकुमाया: सासूशी असं बोलतात? वर मी तुझ्या बापाची सख्खी बहीण!

दोल्मा: म्हणूनच इतके दिवस तोंड शिवून बसले, आत्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात खोकतं कोण?

सुकुमाया: भूकंपापासून अख्खी वस्ती खोकतेय. धूळ काय थोडी उडाली?

दोल्मा: वर्ष झालं त्याला. सगळ्यांची धूळ बसली, तुमचीच बरी बसत नाही!

सुकुमाया: जीभ आवर.

दोल्मा: आवरते. आधी हा डबा बघा. काल आपल्या पडक्या घराचे दगड उपसताना सापडला. आत क्षयाच्या गोळ्या, कागदावर तुमचं नाव.

(सुकुमाया तोंड फिरवून बराच वेळ खोकते.)

सुकुमाया: दोन महिने घेतल्या होत्या. मग घर कोसळलं, त्यात गेल्या.

दोल्मा: मग परत मागायच्या! फुकट देतात.

सुकुमाया: मागून काय झालं असतं? एका पत्र्याखाली सात माणसं. तू माझं ताट वेगळं केलं असतंस, मला शेळ्यांत झोपवलं असतंस.

दोल्मा: झोपवलंच असतं! पोरगी तरी धड राहिली असती.

सुकुमाया: मोठी आलीय पोरगीवाली! तू दगड उपसायला जायचीस, तेव्हा भाजलेला मका चावून चावून कुणी भरवला तिला?

दोल्मा: तुम्हीच, आत्या. तेच तर म्हणतेय मी!

सुकुमाया: ...मला काय ठाऊक गं.

दोल्मा: उद्या दवाखान्यात चला. तुम्ही आणि ल्हामूनं रोज तिथल्या नर्सबाईंसमोर गोळी गिळायची. नाही आलात, तर ल्हामूला घेऊन मी माहेरी चालले.

सुकुमाया: तुझं माहेर तेच माझं. मग मी कुठं जायचं?

दोल्मा: दवाखान्यात. सांगितलं ना!

ल्हामू: आजी, मका चावून दे ना. माझे दात पडलेत.

सुकुमाया: इकडं येऊ नकोस. आईकडं जा... दोल्मा, सकाळी हाक मार मला. आणि तिला बारीक चावून दे. टरफल राहिलं की ठसका लागतो तिला.